वेष्टनाचा निर्णय आणि वेष्टनाचे ओझे : प्रस्तावना

कोणतीही वस्तू कच्च्या मालाच्या रूपातून निघून कारखाना, गोदाम, वाहन, बंदर, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकान असे जे टप्पे ओलांडत वापरणाऱ्याच्या हाती पडते, त्या सगळ्या टप्प्यांना मिळून पुरवठा साखळी म्हटले जाते. आणि या साखळीतील माल हलवण्याची, साठवण्याची व त्याचा माग ठेवण्याची जी बाजू आहे, तिच्यासाठी लॉजिस्टिक्स हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. या व्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांनी वाहनांचे मार्ग, साठ्याची पातळी आणि मागणीचे अंदाज यांवर विपुल लिहिले, पण ज्याच्या आत बसून माल हा सारा प्रवास करतो त्या वेष्टनाकडे, म्हणजे व्यवहारात ज्याला पॅकिंग किंवा बारदान म्हणतात त्याकडे, बहुधा शेवटी उरलेले काम म्हणूनच पाहिले गेले. माल तयार झाला, आता तो कशात तरी भरायचा, एवढाच या दृष्टीचा आवाका होता.

प्रस्तुत ग्रंथ ही दृष्टी मान्य करीत नाही. वाहनात किती नग मावतील, ते कोणी आणि कशाने उचलायचे, गोदामात किती थर रचता येतील, थंड ठेवण्यासाठी किती वीज लागेल आणि अखेरीस कचरा म्हणून काय उरेल, हे सारे वेष्टन ठरते त्याच क्षणी बऱ्याच अंशी ठरून जाते. शिवाय हा निर्णय घेणारा एक असतो आणि त्याचे ओझे वाहणारा दुसराच असतो. आराखडा तयार करणारा अभियंता, खरेदी विभाग आणि विक्री विभाग एका टोकाला, तर हमाल, वाहनचालक, कचरावेचक आणि ग्रामपंचायत दुसऱ्या टोकाला असतात, आणि त्यांची सहसा गाठ पडत नाही. शाश्वतता, म्हणजे आजची गरज भागवताना उद्याची साधने न संपवण्याचे धोरण, या विषयावरील बरीच चर्चा वेष्टन कागदाचे असावे की प्लॅस्टिकचे याच प्रश्नाभोवती घोटाळत राहते; निर्णय आणि ओझे यांच्यातील हे अंतर मात्र तिच्या नजरेतून निसटते.

हे अंतर जवळून पाहण्यासाठी हिंजवडीसारखी दुसरी जागा सापडणे अवघड आहे. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, उभारलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क लोकांना संगणकाच्या कंपन्यांसाठी ठाऊक आहे, आणि तेथील काचेच्या इमारतींकडे पाहून मालाशी या परिसराचा काही संबंध असेल असे सहसा वाटत नाही. परंतु वाहन उद्योगासाठी अभियांत्रिकीची आणि सॉफ्टवेअरची कामे करणाऱ्या टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी यांसारख्या कंपन्या येथेच आहेत. दुसऱ्या टप्प्यातील आयटी-बीटी पार्कात एमक्युअर ही औषधनिर्माण कंपनी आणि तिची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही उपकंपनी आहे. पलीकडे कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना उसाचे गाळप करतो. आणि पिंपरी, चाकण, तळेगाव ही वाहन उद्योगाची ठाणी तासाभराच्या अंतरावर आहेत, अर्थात वाकडच्या पुलाखाली वाहतूक तुंबली नसेल तर. आयटी पार्क उभे राहून मोठे झाले तरी गावाचा कारभार पुढे अनेक वर्षे ग्रामपंचायतीकडेच राहिला. निर्णयाची टेबले आणि ओझ्याची जमीन येथे एकाच शिवारात आहेत.

विषयात शिरण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. औषधाची गोळी ज्या पट्टीत सीलबंद असते ते प्राथमिक वेष्टन, कारण त्याचा वस्तूशी थेट स्पर्श असतो. अशा पट्ट्या सामावणारी पुठ्ठ्याची डबी हे दुय्यम वेष्टन. आणि अनेक डब्या भरलेली पन्हळी पुठ्ठ्याची खोकी, ती ज्यावर रचतात ते पॅलेट नावाचे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे बैठे पीठ आणि त्या रचलेल्या ढिगाभोवती गुंडाळलेली पारदर्शक स्ट्रेच फिल्म मिळून वाहतुकीचे, म्हणजे तृतीयक, वेष्टन होते. ग्राहकाला पहिले दोन थर दिसतात आणि त्याच्या मनातील पर्यावरणाची काळजी त्यांच्यापाशीच थांबते. तिसरा थर गोदामातच उतरवला जातो, त्यामुळे त्याच्याविषयी कोणी वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही.

या तिसऱ्या थराचे गणित किती कठोर असते ते एका मापावरून कळते. भारतात आणि आशियातील बऱ्याच व्यापारात प्रचलित असलेल्या पॅलेटचे माप 1200 × 1000 मिलिमीटर आहे, आणि वीस फुटी कंटेनरची आतील रुंदी साधारण 2.35 मीटर असते. दोन पॅलेटांच्या लांब बाजू शेजारी शेजारी ठेवायच्या तर 2.4 मीटर जागा हवी, म्हणजे पाच सेंटिमीटरने गाडे अडते. म्हणून एक ओळ आडवी, दुसरी उभी असे लावावे लागते आणि 5.9 मीटर लांबीत नऊ, नीट फिरवून बसवली तर फार तर दहा पॅलेटे मावतात. तळाचा साधारण आठवा ते पाचवा भाग मोकळाच राहतो. खोक्याचे माप पॅलेटच्या मापाला पूर्ण भागले जात नसेल तर पॅलेटवरही फट राहते, आणि खोक्यातील वस्तूभोवती थर्माकोलचा जाड साचा असेल तर खोक्यातही. थर्माकोल स्वतःच सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के हवेने भरलेला असतो. चाकणहून न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे निघालेला ट्रेलर द्रुतगती मार्गावर डिझेल जाळत असतो, त्यातील बराचसा हवा वाहून नेण्यासाठी जळतो. हवाई वाहतुकीत हा भुर्दंड बिलातच दिसतो, कारण तेथे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतील जे अधिक असेल त्यावर भाडे आकारले जाते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून आलेल्या संख्येला 6000 ने भागले की आकारमानाचे वजन मिळते, म्हणजे 60 × 50 × 40 सेंटिमीटरच्या खोक्यात आठ किलोचा सुटा भाग असला तरी भाडे वीस किलोंचे पडते. रस्त्याने जाणाऱ्या मालात हा हिशेब झाकलेला राहतो आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

पन्हळी खोक्याविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. तीनप्लाय, पाचप्लाय, सातप्लाय अशी त्याची प्रतवारी सपाट आणि नागमोडी कागदांच्या एकूण थरांवरून होते, आणि खरेदी करणारे बहुधा प्लाय व कागदाचे वजन पाहून भाव करतात. परंतु रचलेल्या ढिगाचा भार मुख्यतः खोक्याचे चार कोपरे आणि उभ्या कडा पेलतात. वरच्या खोक्याचे कोपरे खालच्या कोपऱ्यांवर बरोबर आले तर ताकद टिकते, आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून थर रचले, किंवा खोके पॅलेटच्या काठाबाहेर थोडे लोंबत राहिले, तर ती निम्म्यापर्यंत घटू शकते. ढीग कोसळू नये म्हणून सांधे चुकवण्याची गोदामातील सवय अशा रीतीने खालच्या खोक्यांचा जीव घेते. मग खोकी दबली की खरेदी विभाग पाचप्लायच्या जागी सातप्लाय मागवतो, म्हणजे रचण्याची चूक कागदाने भरून काढली जाते. पावसाळ्यात तर कागद हवेतील ओल शोषून आणखी मऊ पडतो, आणि घाट उतरून कोकणच्या दमट हवेत चार दिवस उभा राहिलेला माल पुण्याच्या कोरड्या गोदामात घेतलेल्या चाचणीला जुमानत नाही. या कागदाचा भावही आता गावच्या बाजारात ठरत नाही. चीनने 1 जानेवारी 2021 पासून घनकचऱ्याची आयात पूर्ण बंद केली. त्यामुळे रद्दीऐवजी तिच्यापासून बनवलेल्या क्राफ्ट कागदाला तेथून मागणी वाढली, भारतातील गिरण्यांचा कागद तिकडे वळला आणि खोकी बनवणाऱ्या येथील लहान कारखानदारांवर चढ्या दराने कागद घेण्याची पाळी आली.

लाकडाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट असल्याने फार लिहिण्याचे कारण नाही. निर्यातीच्या मालासोबत लाकडातील कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून 2002 साली आयएसपीएम-15 हे मानक स्वीकारले गेले, त्यानुसार लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर सलग तीस मिनिटे तापवण्यासारखी मान्य प्रक्रिया करावी लागते आणि पेटीवर तसा शिक्का उमटवावा लागतो.

एकदा वापरून टाकायच्या वेष्टनाला पर्याय म्हणून फिरत्या वेष्टनाकडे, म्हणजे रिकामे होऊन परत येणाऱ्या बिन, ट्रॉल्या आणि घडी घालता येणाऱ्या मोठ्या पेट्यांकडे, पुण्याचा वाहन उद्योग बराच पूर्वी वळला. ही पद्धत परवडते की नाही हे परतीच्या प्रवासावर अवलंबून असते. पुरवठादार तीस-चाळीस किलोमीटरवर असेल, पूर्ण माल उतरवून त्याच गाडीत रिकाम्या बिन परत भरता येत असतील आणि घडी घातल्यावर चार पेट्या एका पेटीच्या जागेत मावत असतील, तर फेऱ्यांमागून फेऱ्यांत खर्च भरून निघतो; हाच माल चेन्नईला किंवा युरोपात जायचा असेल तर रिकाम्या पेटीचा परतीचा धूर वाचवलेल्या पुठ्ठ्यापेक्षा अधिक भरू शकतो. शिवाय बिन हरवतात. एखाद्या पुरवठादाराकडे त्या महिनोन्महिने अडकून पडतात, कोणी त्यांत भंगार साठवते, कोणी पाणी भरते, आणि मग तातडीने पुठ्ठ्याची खोकी मागवावी लागतात. फिरत्या वेष्टनाची खरी गरज म्हणजे ते कुठे आहे याची चोख नोंद, आणि ही नोंद ठेवणाऱ्या संगणकप्रणाली लिहिणे हे हिंजवडीच्याच कामाच्या जातकुळीतले काम आहे.

याच पद्धतीचे देशी आणि कमी मिरवलेले उदाहरण जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या टोमॅटो बाजारात दिसते. तेथे भाव किलोवर पुकारला जात नाही, क्रेटवर पुकारला जातो. एका क्रेटमध्ये साधारण वीस किलो टोमॅटो बसतो. करंड्या आणि लाकडी खोकी मागे सारून आलेल्या या प्लॅस्टिकच्या क्रेटने खालचा टोमॅटो चेंगरणे कमी केले, कारण वरच्या थराचा भार फळांवर न येता क्रेटच्या भिंतींवर येतो. या एका गुणामुळे वाचलेला माल, आणि तो पिकवण्यासाठी लागलेले पाणी व खत, हा क्रेटच्या प्लॅस्टिकच्या विरुद्ध बाजूला मांडायचा जमाखर्च आहे. वेष्टन कमी केले की पर्यावरणाचे भले झाले असे मानणाऱ्यांनी हा जमाखर्च अवश्य पाहावा. मात्र ताठ भिंतींचा क्रेट रिकामा झाला तरी भरलेल्याइतकीच जागा व्यापतो, आणि परतीच्या पिकअपमध्ये वर दोरीने आवळलेला रिकाम्या क्रेटांचा मनोरा हा त्या सोयीचा न मोजलेला खर्च आहे.

वेष्टनाचे आणखी एक परिमाण व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, ते म्हणजे माणसाची पाठ. साखरेचे उत्पादन अजूनही क्विंटलच्या पोत्यांत सांगितले जाते, कारण शंभर किलोंचे पोते हेच एके काळी व्यवहाराचे एकक होते आणि ते पाठीवर घेणारा हमाल हेच लॉजिस्टिक्स होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली कमाल वजनाविषयीचा करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने पोत्याचे वजन पन्नास किलोंवर आणण्याचा आग्रह वर्षानुवर्षे लावून धरला. पोते लहान झाले की तागाची किंवा प्लॅस्टिकची गरज प्रतिकिलो थोडी वाढते, शिलाई वाढते, चढउताराच्या खेपा वाढतात. पर्यावरणाच्या निव्वळ हिशेबात हे उणे ठरेल. तरीही या बाबतीत ग्रंथाची भूमिका निःसंदिग्ध आहे. माणसाचे मणके वाचवणारे बारदान जड पडले तरी तेच योग्य. पोते कशाचे असावे हा प्रश्नही केवळ किमतीचा नाही, कारण 1987 च्या ताग वेष्टन कायद्याखाली केंद्र सरकार अलीकडच्या वर्षांत धान्यासाठी पूर्णतः आणि साखरेसाठी वीस टक्के तागाची पोती सक्तीची करीत आले आहे. बंगालमधील ताग पिकवणारा शेतकरी आणि मुळशीतील साखर कारखाना यांना जोडणारा हा धागा आहे, आणि साखरेला ओल लागू नये म्हणून आतून अस्तर लावलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्याला पसंती देणाऱ्या कारखान्यांना तो नेहमीच जाचला आहे.

वेष्टनाचा निर्णय साखळीत किती मागे, म्हणजे उगमाकडे, नेता येतो, हे मात्र सर्वांत ठळकपणे दिसते ते लसींच्या बाबतीत. 12 जानेवारी 2021 रोजी पहाटे मांजरी येथील सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्ड लसीचा पहिला साठा निघाला, तेव्हा तीन शीत ट्रकांत प्रत्येकी बत्तीस किलोंची 478 खोकी होती. ही लस 2 ते 8 अंश सेल्सिअसवर, म्हणजे साध्या शीतपेटीच्या तापमानावर टिकत असल्यामुळे लसीकरणाच्या जुन्या शीतसाखळीतून, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेले फ्रीज, कोल्ड बॉक्स आणि आरोग्यसेविकेच्या खांद्यावरचा लस-वाहक यांतून, ती उपकेंद्रापर्यंत पोहोचू शकली. तिची कुपी दहा मात्रांची होती. त्यामुळे प्रत्येक मात्रेमागे काच आणि थंड जागा कमी लागली, पण उघडलेली कुपी काही तासांत संपवावी लागत असल्याने लहान गावात चार जणच आले तर उरलेली लस टाकून देण्याची वेळ येई. लहान कुपी केली तर काच वाढते, मोठी केली तर लस वाया जाते. वेष्टनशास्त्रातील सर्व प्रश्न थोड्याफार फरकाने याच जातीचे आहेत.

त्याच काळात फायझर कंपनीची एमआरएनए लस, म्हणजे शरीरातील पेशींना विषाणूचे एक प्रथिन बनवण्याची सूचना देणारी लस, उणे सत्तर अंशांच्या आसपास ठेवावी लागत होती. तिच्यासाठी बनवलेल्या खास पेटीत 975 पर्यंत कुप्या बसत, भोवती शुष्क बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, भरलेला असे, आणि तो उडून जात असल्याने साधारण पाच दिवसांनी पुन्हा भरावा लागे. पेटी उत्तम होती. पण शुष्क बर्फाचा नियमित पुरवठा, हातमोजे घातलेला प्रशिक्षित माणूस आणि एकाच ठिकाणी शेकड्याने लाभार्थी हे सारे गडचिरोली किंवा नंदुरबारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर जुळवणार कोण, याचे उत्तर पेटीत नव्हते. हिंजवडीतील जेनोव्हाने हा प्रश्न पेटीकडून औषधाकडे वळवला. तिच्या जेमकोव्हॅक-19 या देशातील पहिल्या एमआरएनए लसीला जून 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली तेव्हा ती 2 ते 8 अंशांवर टिकणारी होती, आणि जून 2023 मध्ये आलेली जेमकोव्हॅक-ओएम ही ओमिक्रॉनसाठीची आवृत्ती शीतशुष्क, म्हणजे गोठवून निर्वात स्थितीत पाणी काढून घेतलेल्या भुकटीच्या रूपात होती. साथीचा जोर तोवर ओसरला होता आणि या लसीचा वापर मर्यादितच राहिला, हे खरे. परंतु वेष्टनाच्या अभ्यासकाला तिचे महत्त्व खपावरून मोजता येणार नाही. अतिशीत पेटी, शुष्क बर्फ आणि त्यांच्यामागची वाहतूक हा सगळा डोलारा येथे प्रयोगशाळेच्या टेबलावर घेतलेल्या एका निर्णयाने अनावश्यक ठरला. त्याची किंमतही आहे, कारण शीतशुष्कीकरणाला बराच वेळ आणि वीज लागते आणि भुकटी विरघळवण्यासाठी द्रावकाची वेगळी कुपी सोबत पाठवावी लागते. पण ती किंमत कारखान्यात, एकाच छपराखाली, मोजता येण्याजोगी पडते.

आता ओझ्याच्या दुसऱ्या टोकाकडे. ज्या दिवशी एखाद्या आयटी कंपनीच्या संकुलात नवी संगणकसामग्री येते किंवा गृहसंकुलाच्या फाटकाशी ऑनलाइन मागवलेली पार्सले उतरतात, त्या दिवशी पुठ्ठा उचलायला भंगारवाला तयार असतो, कारण रद्दीला भाव आहे. पाण्याच्या बाटलीलाही भाव आहे. थर्माकोल कोणालाच नको असतो, कारण टेम्पो भरला तरी वजनाला काही येत नाही. आणि वेफरच्या पुड्यासारखे बहुस्तरीय प्लॅस्टिक, ज्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नसल्याने पडून राहते. पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि तिच्यातून पुढे 2008 पासून महानगरपालिकेच्या करारावर काम करणाऱ्या स्वच्छ सहकारी संस्थेने कचरावेचकांच्या या अनुभवाला सार्वजनिक चर्चेत जागा मिळवून दिली. 2013 साली तर सॅनिटरी पॅडचा वापरलेला कचरा गोळा करून तो थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवण्यात आला. निर्णयाची आणि ओझ्याची अशी समोरासमोर भेट क्वचितच घडली असेल.

कायद्याने ही भेट घडवण्याचा प्रयत्न वेगळ्या मार्गाने केला आहे. महाराष्ट्र शासनाच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणताना दुधाच्या पिशवीवर परतखरेदीची किमान पन्नास पैसे किंमत छापण्याची अट घातली होती. पन्नास पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून दुकानात परत नेण्याची सवय काही लागली नाही, याचे नवल वाटू नये. केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये विस्तारित उत्पादक जबाबदारीची, म्हणजे वेष्टन बाजारात आणणाऱ्याने त्याचा कचरा गोळा करून पुनर्वापरात आणण्याची, मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांत कठीण प्लॅस्टिक, लवचिक प्लॅस्टिक, बहुस्तरीय प्लॅस्टिक आणि कंपोस्ट होणारे प्लॅस्टिक अशा वर्गांसाठी वेगवेगळी उद्दिष्टे आहेत, आणि 2025-26 पासून कठीण प्लॅस्टिकच्या वेष्टनात तीस टक्के पुनर्प्रक्रिया केलेला माल असणे अपेक्षित आहे. रचना विचारपूर्वक केलेली आहे. मात्र उत्पादकाला आपले उद्दिष्ट देशात कोठेही पुनर्प्रक्रिया झालेल्या प्लॅस्टिकची प्रमाणपत्रे विकत घेऊन पूर्ण करता येते, आणि 2023 मध्ये काही पुनर्प्रक्रियादारांनी बनावट प्रमाणपत्रे काढल्याचेही उघड झाले. प्रमाणपत्र खरे असले तरी ते टनांत बोलते. माणच्या ओढ्यात अडकलेला पुडा कोणत्या कंपनीचा आणि तो उचलण्याचा खर्च कोणाचा, हे त्यावर लिहिलेले नसते. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि हिंजवडीतील बरीच संकुले त्या व्याख्येत सहज बसतात; परंतु वर्गीकरण करून फाटकाबाहेर ठेवलेला कचरा पुढे नेण्याची यंत्रणा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर उभी करायची आणि औद्योगिक क्षेत्राचे व्यवस्थापन एमआयडीसीकडे, या विभागणीतून तो कचरा नेमका कोणाच्या हद्दीत पडतो हा वाद कायम राहतो.

पुढील प्रकरणांत या सर्व बाबींचा क्रमाने विचार केला आहे. साहित्य आणि माप यांविषयीचा भाग अभियंत्यांना ओळखीचा वाटेल आणि कायद्यांविषयीचा भाग प्रशासनातील वाचकांना. पण दोघांनीही एकमेकांचे भाग वगळू नयेत, अशी ग्रंथाची रचना मुद्दाम केली आहे. दागिन्यांच्या डब्या, अत्तराच्या कुप्या आणि भेटवस्तूंची सजावट हा विषय येथे घेतलेला नाही, कारण त्यात वेष्टन हीच विकण्याची वस्तू होते आणि तिचे अर्थशास्त्र वेगळे आहे. कार्बन उत्सर्जनाचे तक्तेही जेथे गृहीतके स्पष्ट मांडता आली तेथेच दिले आहेत; परतीचा प्रवास, हरवलेल्या पेट्या आणि वाया गेलेला माल न धरता केलेली कागद विरुद्ध प्लॅस्टिक अशी तुलना कितीही आकर्षक दिसली तरी ती येथे टाळली आहे.